विचारणारी वाक्ये, करायला लावणारी वाक्ये: दुसरीच्या वर्गातल्या प्रकल्प नोंदी

३० जून: तयारी

वर्ग दुसरी. आठवड्याला ३ तास, प्रत्येकी २० मिनिटांचे. त्याहून लांबवले की शेवटची पाच मिनिटे वायाच जातात. कामाचा क्रम असा: आधी कानाने ओळखणे, मग तोंडाने म्हणणे, मग वाचून चिन्ह देणे, आणि सगळ्यात शेवटी स्वतः लिहिणे. पुष्कळदा सुरुवात प्रश्नचिन्हापासून केली जाते. मराठीत ते गैरसोयीचे आहे, कारण विधानाचा प्रश्न होताना शब्द जागचे हलत नाहीत. 'आई आली.' आणि 'आई आली?' यांत एक अक्षरही वेगळे नाही, बदलतो तो फक्त आवाज. ज्या मुलाने हा फरक ऐकलेला नाही, त्याच्या लेखी प्रश्नचिन्ह म्हणजे ओळीच्या शेवटी काढायची नक्षी.

साहित्य: प्रत्येक मुलाला ८ × ८ सेमीची ३ कार्डे. एकावर प्रश्नचिन्ह, एकावर उघडा पंजा (आज्ञा), एकावर ठळक टिंब (विधान). तिन्ही पांढरीच. रंगीत केली तर मुले वाक्य ऐकण्याऐवजी हुशार मुलाच्या हातातला रंग बघतात. तो वर्गाच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसतो. शिवाय ३० × ६ सेमीच्या ३६ वाक्यपट्ट्या: १२ प्रश्न, १२ आज्ञा, १२ विधाने. अक्षरांची उंची ३ सेमी, शेवटच्या बाकावरून वाचता येईल इतकी. पट्टीवर चिन्ह नाही. चिन्हांचे चौकोन वेगळे कापलेले, मागे चिकटपट्टी.

मुलांशी बोलताना 'प्रश्नार्थी', 'आज्ञार्थी', 'विधानार्थी' हे शब्द सध्या नाहीत. विचारणारे, करायला लावणारे, माहिती देणारे अशी नावे ठरवली. 'सांगणारे वाक्य' मुद्दाम टाळले, कारण 'मी सांगते तसं कर' यातही सांगणेच आहे आणि मुले आज्ञेलाही तेच नाव देतात.

२ जुलै: ऐका आणि दाखवा

पद्धत: मुलांनी डोळे मिटायचे. वाक्य एकदाच, सहज आवाजात म्हणायचे. मनात तीन आकडे मोजून झाले की 'दाखवा'. कार्ड छातीशी धरायचे, डोक्यावर नाही. १५ वाक्ये पुरतात. आधी व्याख्या सांगायची नाही. प्रत्येक प्रकाराची दोन उदाहरणे म्हणून दाखवायची आणि सुरू करायचे.

सर्वात जास्त गोंधळ 'तुम्ही बाकावर बसता.' या वाक्यावर. पंजाचे कार्ड भराभर वर. 'तू' किंवा 'तुम्ही' ऐकू आले म्हणजे आपल्याला काहीतरी करायचे आहे, असा मुलांचा समज असतो; क्रियापदाच्या शेवटाकडे कान नसतो. त्यावर उपाय म्हणून लागोपाठ तीन वाक्ये म्हणायची: 'तुम्ही बसता. तुम्ही बसाल. तुम्ही बसा.' आणि फक्त 'बसता, बसाल, बसा' एवढे त्यांच्याकडून म्हणवून घ्यायचे. पुन्हा विचारल्यावर फरक पडतो.

४ जुलै: फक्त आवाज

जोड्या: घंटा झाली / घंटा झाली? पाऊस थांबला / पाऊस थांबला? तो झोपला / तो झोपला? दप्तर भरलं / दप्तर भरलं? शिक्षकाने म्हणायचे, मग मुलांनी जोडीदाराला म्हणून दाखवायचे आणि जोडीदाराने कार्ड उचलायचे. बोटाने हवेत रेघ काढत म्हटले तर चढता आवाज पटकन पकडता येतो.

इथे एक नियम मुले स्वतःच बनवतात: शेवटी आवाज चढला की प्रश्न. तो तसाच राहू दिला तर पुढे नडतो. 'तू कुठे गेलास?' म्हणताना जोर 'कुठे'वर पडतो आणि शेवटी आवाज उतरतो. म्हणून त्याच तासात पाच वाक्ये प्रश्नशब्दांची घेतली: कुठे, कोण, काय, किती, केव्हा. मुलांना सांगायचे ते एवढेच: कधी शब्द विचारतो, कधी आवाज विचारतो. 'पेन हवं की पेन्सिल?' यात दोन्हीपैकी कोण विचारतो, असे एका मुलीने विचारले. 'की' हाही विचारणारा शब्द, म्हणून तो तक्त्यावर चढवला. 'तू येतोस ना?' मधला 'ना'ही त्याच्या शेजारी.

७ जुलै: हुकूम असेल तरच

मोकळी जागा, मुले गोलात. आज्ञा ऐकली तर कृती करायची. प्रश्नाला तोंडी उत्तर द्यायचे. विधान असेल तर पुतळा. वाक्यांचा संच असा मिसळलेला हवा: 'उजवा हात वर करा. तुम्ही हात वर केला. हात दुखतो का? हात खाली घ्या. सगळे उभे आहेत. उभे राहा.' ('राहा' आणि 'रहा' दोन्ही रूपे चालतात, तक्त्यावर एकच ठेवावे.)

आपण नकळत आज्ञा मोठ्याने आणि तोडून म्हणतो, विधाने संथपणे. पाच मिनिटांत मुलांना आवाजाची पट्टी कळते आणि मग वाक्य ऐकण्याची गरजच उरत नाही. म्हणून आज्ञा हळू आवाजात, विधाने ठणठणीत म्हणायची. 'थांबा' कुजबुजून आणि 'तुम्ही थांबलात' ओरडून. खरी परीक्षा इथे होते. चुकणाऱ्याला खेळाबाहेर काढायचे नाही, कारण ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज तोच मग बाहेर बसून राहतो.

९ जुलै

उजळणी. बोलीतल्या प्रश्नशब्दांची यादी केली: कुठं, कुनी, कवा, काहून, कामून. कानाने ओळखण्याच्या टप्प्यात हे सगळे बरोबर. 'तू काहून रडतोस?' हा प्रश्न ओळखणाऱ्याला प्रश्न कळला आहे. लेखनात 'का' लिहायचे हे नंतर बघू.

११ जुलै: चिन्ह काढणे

दुरेघी वहीत प्रश्नचिन्ह दोन रेघांच्या मध्ये: वरच्या रेघेला टेकून डावीकडून उजवीकडे वळण, मग खाली सरळ, मग जागा सोडून खालच्या रेघेवर टिंब. हवेत, वाळूत किंवा पाटीवर, मग वहीत अर्धी ओळ. पूर्ण पानभर गिरवण्यात काही अर्थ नाही. दुसऱ्या ओळीनंतर आकार बिघडतच जातो.

दिसलेल्या चुका: उलटे वळण (सुरुवातीचे टिंब डावीकडे देऊन ठेवले की बरेचसे सुधारते), खालचे टिंब विसरणे, टिंब दांड्याला चिकटणे, आणि चिन्ह शिरोरेषेच्या वर तरंगणे. आणखी एक, जी आकाराची नाही: 'तू कुठे? गेलास'. प्रश्नशब्द दिसला की तिथेच चिन्ह. त्याचे कारण सरळ आहे, मुलाच्या मते प्रश्न त्या शब्दात आहे. वाक्य संपल्याशिवाय प्रश्न पूर्ण होत नाही हे दाखवायला 'तू कुठे' एवढेच म्हणून गप्प राहायचे. मुले लगेच विचारतात, 'कुठे काय?' मग चिन्ह शेवटच्या शब्दापाशी जाते. प्रश्नचिन्ह आणि त्यापुढे पूर्णविराम, असे दोन्ही देणारी मुलेही आहेत. प्रश्नचिन्हातले टिंब हाच पूर्णविराम समजा, एवढे सांगितले तरी पुरते.

पंजाच्या कार्डाचा प्रश्न आजच सोडवला. आज्ञेला लिखाणात वेगळे चिन्ह नाही. साधी आज्ञा पूर्णविरामानेच संपते: 'दार लाव.' घाई, धोका, जोर असेल तेव्हा उद्गारचिन्ह: 'पळ!' हे न सांगता पंजाचे कार्ड वापरत राहिलो तर मुले वहीत पंजा काढतात, किंवा प्रत्येक आज्ञेला उद्गारचिन्ह देतात. आजपासून पंजा फक्त तोंडी कामासाठी.

१४ जुलै: पट्ट्यांना चिन्हे

गटात ४ मुले, ९ पट्ट्या, चिन्हांचे चौकोन. पट्टी आधी मोठ्याने वाचायची, मग चिन्ह चिकटवायचे. न वाचता चिकटवणारा गट प्रश्नशब्द शोधतो आणि फसतो. फसवणारी वाक्ये मुद्दाम घातली होती:

तो कुठे गेला ते मला माहीत नाही.
काय सुंदर फूल आहे!
कोणीतरी दार वाजवले.
कधीकधी वीज जाते.
तू काल कुठे होतास ते सांग.

शेवटच्या वाक्यावर मोठ्या माणसांचेही दुमत होते. 'कुठे' आहे, पण वाक्य 'सांग' या क्रियापदावर उभे आहे. ती आज्ञा, पूर्णविराम. तेच 'सांग, तू काल कुठे होतास?' असे लिहिले तर प्रश्नचिन्ह. दुसरीत हे दोन्ही शिकवायची गरज नाही. तपासणीच्या पत्रिकेत मात्र असे वाक्य चुकून जाऊ नये, कारण मुलाचे उत्तर चूक धरायचे की बरोबर हे शिक्षकालाच ठरवता येत नाही.

आज्ञांच्या बाजूची फसवी वाक्ये: 'खेळ संपला.' 'नाच छान झाला.' 'बस आली.' खेळ, नाच, बस हे शब्द पाहून आज्ञा ठरवणारे वाचक शब्दावर थांबतात, वाक्याच्या शेवटापर्यंत जात नाहीत. 'इकडे या' आणि 'या वहीत लिही' ही जोडीही उपयोगी पडली.

१६ जुलै: 'का' कुठे बसतो

सगळ्या प्रकल्पातला सगळ्यात चिवट भाग. तीन चिठ्ठ्या: तू, हसतोस, का. दोन मांडण्या:

तू हसतोस का?
तू का हसतोस?

मुलांनी दोन्ही वाचायच्या आणि उत्तर द्यायचे. पहिल्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही'. दुसऱ्याचे 'कारण...' किंवा '...म्हणून'. कसोटी हीच ठेवायची: हो/नाहीने काम भागले तर 'का' शेवटी, कारण द्यावे लागले तर 'का' क्रियापदाच्या आधी. दहा जोड्या, प्रत्येकीचे उत्तर आधी तोंडी. 'ती पळते का / ती का पळते', 'दार बंद आहे का / दार बंद का आहे'.

अडचण अशी की बोलताना 'रडतोस का?' हेच वाक्य 'का'वर जोर देऊन म्हटले की कारण विचारते. मुले ते घरी रोज ऐकतात, त्यामुळे 'का शेवटी म्हणजे हो-नाही' हा नियम त्यांना खोटा वाटतो, आणि बोलण्यापुरता तो खोटाच आहे. त्यांना असे सांगितले: बोलताना जोराने कळते, कागदावर जोर दिसत नाही, म्हणून लिहिताना कारण विचारायचे असेल तर 'का' आधी आणावा. हे पटले. नुसता नियम लादला असता तर पटला नसता.

'काय'चेही असेच: 'तू काय लिहितोस?' आणि 'तू लिहितोस काय?' आज फक्त ऐकवले, लिहून घेतले नाही.

१८ जुलै

'का'ची उजळणी, नवीन काही नाही. मंद वाचणाऱ्या मुलांना चिठ्ठ्या हातात हव्यातच. फळ्यावर पाहून त्यांना जागा बदलल्याचे जाणवत नाही.

२१ जुलै: उत्तरातून प्रश्न

चित्र दाखवून 'प्रश्न तयार करा' म्हटले की वर्गाच्या सगळ्या वह्यांत एकच प्रश्न येतो: 'हे काय आहे?' म्हणून उलटे घेतले. वाक्य दिलेले, त्यातल्या एका शब्दाखाली रेघ:

कुत्रा झाडाखाली बसला.

पायऱ्या: (१) रेघ असलेला शब्द झाका. (२) त्या जागी प्रश्नशब्द ठेवा. (३) बाकीचे शब्द आहेत तसे लिहा. (४) पूर्णविराम पुसून प्रश्नचिन्ह. झाले: 'कुत्रा कुठे बसला?' मराठीत प्रश्नशब्द उत्तराच्या जागीच बसतो, याचा इथे पूर्ण फायदा मिळतो. एकाच वाक्यातल्या वेगवेगळ्या शब्दांखाली रेघ देऊन तीन-चार प्रश्न निघतात. 'मीनाने सकाळी दोन रोपे लावली.' यावरून कोणी, केव्हा, किती, काय.

पट्टी झाकायला ६ × ४ सेमीचा कोरा कागद पुरतो. झाकल्याशिवाय केले तर मुले उत्तर आणि प्रश्नशब्द दोन्ही लिहितात: 'कुत्रा कुठे झाडाखाली बसला?'

२३ जुलै: प्रश्नशब्दाचे कपडे

मागच्या तासाच्या पद्धतीत जिथे मोडले ते असे. 'मीनाने' झाकून मुलांनी 'कोणने', 'कोनने' लिहिले. हवे 'कोणी'. 'राजूला' असेल तर 'कोणाला', 'राजूची' असेल तर 'कोणाची', 'कात्रीने' असेल तर 'कशाने', 'पेटीत' असेल तर 'कशात' किंवा 'कुठे'. माणूस असेल तर कोण-, वस्तू असेल तर काय आणि कशा-. प्राण्यांबद्दल आग्रह धरला नाही. गोष्टींत प्राणी बोलतात, तिथे 'कोण' शोभतोच.

कसा-कशी-कसे आणि कोणता-कोणती-कोणते हे नामाबरोबर बदलतात. इथे मुले क्वचितच चुकतात, कारण बोलताना बरोबरच बोलतात. चुकतात ती लिहिताना घाईत, 'कशी' ऐवजी 'कसी'. ही लेखनाची चूक आहे, प्रश्न न समजल्याची नव्हे; वेगळ्या रंगाने खूण केली.

'मीना आली.' वरून 'कोण आली?' असे काहींनी लिहिले. कोण आले ते माहीत नसताना आपण 'कोण आलं?' म्हणतो. पद्धत पाळली म्हणून 'आली' राहिले. दुसरीसाठी बरोबर धरले, फक्त वाचून दाखवताना 'कोण आले?' म्हटले.

२५ जुलै: आज्ञेचे क्रियापद

तू आणि तुम्ही अशा दोन रांगांचा तक्ता. बहुतेकांना नुसता 'आ' लागतो: बस-बसा, ठेव-ठेवा, जोड-जोडा. वेगळी चालणारी फळ्याच्या कडेला कायम: ये-या, दे-द्या, घे-घ्या, पी-प्या, लिही-लिहा, धू-धुवा. जा, खा, गा यांना दोन्हीकडे एकच रूप. मुले 'जाआ' असे काहीतरी बनवायला बघतात.

ऱ्हस्वदीर्घाची गडबड इथेच: पूस-पुसा, ऊठ-उठा, शीक-शिका, फीर-फिरा. एकटा असताना दीर्घ, पुढे 'आ' आला की ऱ्हस्व. म्हणताना 'पूऽस' लांबवून म्हटले की लिहिताना आठवते. तरीही 'पुस' लिहिणारे राहतीलच. आज्ञा ओळखण्याच्या गुणांतून हे कापायचे नाही.

'थांब.' हे पूर्ण वाक्य आहे का, यावर वर्गात वाद झाला. 'वाक्यात कर्ता हवा' हे आधी कुणीतरी शिकवलेले असते. आज्ञेत 'तू' समोरच उभा असतो, म्हणून बोलत नाही, एवढे पुरे.

२८ जुलै: नको, नका, नये

'पळू नको. पळू नका.' क्रियापदाला 'ऊ' लागतो: कर-करू, बस-बसू, जा-जाऊ, दे-देऊ. चुका: 'पळ नको', 'पळु नको'. बोलण्यातले 'नको पळू' चालू द्यावे. 'मला गोष्ट नको.' ही आज्ञा नाही. 'नको' दिसला की आज्ञा असा समज लगेच पसरतो, म्हणून हे वाक्य त्याच तासात घ्यावे. 'येथे पाणी सांडू नये.' फक्त वाचायला, सूचनाफलक म्हणून.

३० जुलै: लिही आणि बघ

जोडीने काम. एकाने चौकोनी कागदाच्या घडीकामाच्या ६ सूचना लिहायच्या, दुसऱ्याने लिहिले असेल तेवढेच करायचे, मनाचे काही नाही. कागद १५ × १५ सेमी. नमुना फळ्यावर ठेवला नाही, नाहीतर सगळे उतरवतात.

लिहिणाऱ्यांच्या तीन चुका करणाऱ्याच्या हातात लगेच दिसल्या. पहिली: 'मी कागद घेतो. मी घडी घालतो.' जोडीदार हलतच नाही, कारण त्याला कुणी काही करायला सांगितलेलेच नाही. दुसरी: 'कागद घे. मधोमध दुमडा. बोट फिरव.' एकाच माणसाशी तू आणि तुम्ही. ही चूक करणाऱ्याला अडवत नाही, पण मोठ्याने वाचल्यावर मुले हसतात आणि स्वतःच सुधारतात. सुरुवातीला वरच्या ओळीत 'कोणासाठी' हे लिहायला लावले की ती कमी होते: मित्रासाठी, वर्गासाठी, सरांसाठी. तिसरी: क्रियापदच नाही. 'आता वरचा कोपरा.' कोपऱ्याचे काय?

सूचना ६ पेक्षा जास्त ठेवल्या तर चौथीनंतर वाक्ये 'मग' आणि 'आणि'ने एकमेकांत शिरतात. एका ओळीत एक आज्ञा.

१ ऑगस्ट: विचारून करायला लावणे

'खिडकी उघडतोस का?' विचारणारे की करायला लावणारे? दुसरीत चिन्ह रूपावरून द्यायचे: शेवटी 'का', म्हणून प्रश्नचिन्ह. हेतू वेगळा आहे एवढे तोंडी बोलावे. 'हो' म्हणून बसून राहिला तर चालेल का, असे विचारले की मुलांना गंमत कळते. 'मी आत येऊ?' हाही प्रश्नच. याचे वर्गीकरण पत्रिकेत विचारणे अन्याय आहे.

४ ऑगस्ट: तपासणी

चिन्हांशिवाय १२ वाक्ये: ४ प्रश्न (एक 'का' शेवटी, एक 'का' मध्ये, दोन प्रश्नशब्दांची), ४ आज्ञा (एक 'नका'ची), ४ विधाने (त्यांत एक 'कोणीतरी'चे, एक 'खेळ' नामाचे). 'आई आली' सारखे, चिन्हाशिवाय दोन्ही अर्थ देणारे वाक्य लेखी घेतलेले नाही. ते तोंडी भागात. मग २ प्रश्न आणि २ आज्ञा स्वतः लिहायच्या. वेळ २५ मिनिटे. प्रत्येक उत्तराला तीन वेगळ्या खुणा: प्रकार ओळखला, चिन्ह बरोबर, शब्दरूप बरोबर. एकच गुण दिला तर मूल कुठे अडकले ते कळत नाही.

६ ऑगस्ट

वह्यांचे गट पाडले. प्रकार बरोबर पण चिन्ह नाही: यांना नवीन शिकवायचे काही नाही, लिहून झाल्यावर बोटाने शेवट दाखवत मोठ्याने वाचायची सवय हवी. प्रश्नशब्द दिसला की प्रश्नचिन्ह: यांच्यासाठी १४ जुलैच्या पट्ट्या, पण चारच, एकेक करून. 'का' मध्ये आणि शेवटी यांत गोंधळ: चिठ्ठ्या परत, उत्तर तोंडी. 'तुम्ही बसता' अजून आज्ञा वाटते: पुन्हा कार्डे, डोळे मिटून. या शेवटच्या गटाला लिखाण सध्या द्यायचे नाही.

पट्ट्यांच्या पुढच्या संचात भरायची वाक्ये: 'कुणी आलं नाही.' 'किती उशीर झाला!' 'तो केव्हाच गेला.' 'बोल गोड होते.' 'तू बोल.' 'कधी येणार ते कळव.' शेवटचे तिसरीसाठी बाजूला.